संगणकाची निगा

भंडारा जिल्हा हा तलावांचा जिल्हा म्हणून सर्वश्रुत आहे. गोंड राजांच्या अमदानींत कोहळी समाजांतील कसबी लोकांनीं जागोजाग मातीच्या पाळी घालून पावसाचें पाणी अडविलें. पुढें हे तलाव मालगुजारांच्या ताब्यांत आले आणि मालगुजारी तलाव, किंवा लोकांच्या तोंडीं रुळलेल्या आटोपशीर रूपानें मामा तलाव, या नांवानें ओळखले जाऊं लागले. तलाव बांधणें हें एकदांचें काम होतें. तो राखणें हें मात्र दरसालचें. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे गाळ काढून शेतांत टाकावयाचा, पाळीला पडलेलीं भगदाडें बुजवावयाचीं, सांडवा मोकळा करावयाचा, असा क्रम असे. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले, आणि हा क्रम ठिकठिकाणीं तुटला. तलाव कांहीं एका रात्रींत फुटले नाहींत. ते हळूहळू उथळ होत गेले, कित्येकांत बेशरमीचीं झुडपें माजलीं, आणि जें पाणी पूर्वीं पुरत असे तें पुरेनासें झालें.

घरांतल्या संगणकाची गोष्ट याहून फारशी निराळी नाहीं. यंत्र विकत आणलें त्या वर्षीं कळ दाबतांच तें उठून कामाला लागतें. तिसऱ्या वर्षीं तें चालू होईपर्यंत चहा उकळून होतो. पांचव्या वर्षीं घरांतील मंडळी त्याच्या नांवानें बोटें मोडूं लागतात आणि नव्या यंत्राचीं बोलणीं सुरू होतात. वस्तुतः बहुतेक वेळां संगणक बिघडलेला नसतो. तो उथळ झालेला असतो. आणि हा मंदपणा निदान डोळ्यांना दिसतो तरी. पाळीच्या पोटांत खेकड्यानें पाडलेलें बीळ वरून दिसत नाहीं. तें कळतें तें पाणी निघून गेल्यावर. संगणकाच्या सुरक्षिततेचा प्रकार या बिळासारखा आहे.

भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यांत हा विषय आतां हौशी मंडळींचा उरलेला नाहीं. आधारभूत किंमतीनें धान विकावयाचें तर शेतकऱ्याला आधीं ऑनलाइन नोंदणी करावी लागते. सातबारा, आधार कार्ड आणि बँकेचें पासबुक यांच्या प्रती कोणाच्या तरी संगणकांतूनच पुढें जातात. मुलांचे प्रवेश-अर्ज, शिष्यवृत्त्या, जातीचे दाखले, पीकविमा, यांचीही तीच वाट आहे. २००१ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमानें तालुक्याच्या गांवींही संगणक चालविणारे हात तयार केले, हें त्याचें मोठें काम होय. परंतु चालविणें आणि राखणें या दोन विद्या आहेत. गाडी उत्तम हांकणाऱ्याला चाकांत वंगण घालण्याची आठवण राहतेच, असें नाहीं.

प्रथम यंत्राच्या देहाविषयीं. संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर, तो काम करतांना तापतो. त्याच्या डोक्यावर कंगव्याच्या दातांसारख्या पातळ पत्र्यांचा एक धातूचा ठोकळा आणि त्यावर एक पंखा बसविलेला असतो. पत्रे उष्णता शोषून घेतात आणि पंखा ती बाहेर लोटतो. पत्र्यांच्या फटींत धूळ दाटली म्हणजे ही वाट बुजते. तपमान शंभर अंशांच्या सुमारास जाऊं लागलें कीं, प्रोसेसर आपला जीव वांचविण्यासाठीं आपोआप आपला वेग कमी करतो. घरांतील माणसांना वाटतें, यंत्र म्हातारें झालें. तें केवळ धापा टाकीत असतें. पूर्व विदर्भांतील उन्हाळ्यांत खोलीचेंच तपमान चाळीस अंशांच्या पलीकडे जातें, तेव्हां पंख्यानें कोणती थंड हवा आंत घ्यावी?

त्यांतून या जिल्ह्याची धूळ ही साधी धूळ नव्हे. तुमसरसारख्या तांदळाच्या पेठेंत आणि राइस मिलच्या आसपासच्या वस्तींत धानाचा बारीक कोंडा हवेंत तरंगत असतो. तो वजनानें हलका. पंखा त्याला सहज आंत ओढून घेतो. दुसरें संकट म्हणजे कूलर. मे महिन्यांत घरांतील सर्व मंडळी ज्या झोतासमोर बसतात त्याच झोतांत संगणकालाही बसविण्याची रीत आहे, आणि त्यामागील हेतु अर्थातच दयाळूपणाचा असतो. परंतु कूलरची हवा ओली असते. ओलावा आणि कोंडा मिळून पत्र्यांवर एक लेप चढतो आणि तो नुसत्या फुंकरीनें निघत नाहीं. शिवाय ओलसर हवेनें आंतील बारीक जोड गंजतात. यंत्र कूलरच्या तोंडापासून बाजूला, भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून वर ठेवावें. लॅपटॉप गादीवर किंवा रजईवर ठेवून काम करणाऱ्यांनीं तो उचलून एकदां त्याच्या पोटाखालील झरोके पाहावे, म्हणजे त्याचा श्वास कोठें कोंडतो तें समजेल.

आंतील साफसफाई वर्षांतून दोनदां पुरे: एकदां होळीच्या सुमारास, उन्हाळा तापण्यापूर्वीं, आणि एकदां धानाची मळणी व भरडाई यांचा मोसम ओसरल्यावर. यंत्र पूर्ण बंद करून भिंतींतील तार काढावी, बाजूचें झांकण उघडावें, हाताला लागेल त्या धातूच्या सांगाड्याला स्पर्श करून अंगांतील स्थिर वीज उतरवावी, आणि मग मऊ कुंचल्यानें किंवा हवेच्या ब्लोअरनें धूळ बाहेर काढावी. झोत मारतांना पंख्याचें पातें बोटानें धरून ठेवावें. एरव्हीं तें भरधाव फिरतें आणि त्याच्या बेअरिंगला इजा होते. ओलें फडकें आंत नेऊं नये. प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामध्यें एक लेप असतो, तो कांहीं वर्षांनीं वाळतो. तो बदलणें आणि लॅपटॉप उघडणें हें काम मात्र कारागिराकडेच सोंपवावें. पेंच मोजून न ठेवणाऱ्या हौशी माणसानें लॅपटॉपला हात न लावणेंच बरें.

पावसाळ्यांत किडेही आंत शिरतात. यांत संगणकाला कमीपणा नाहीं. त्याच्या घराण्याला हा अनुभव जुना आहे. १९४७ सालीं, ९ सप्टेंबर रोजीं, अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क टू नांवाच्या अवाढव्य यंत्राचें काम अडलें तेव्हां त्याच्या एका रिलेमध्यें एक पतंग अडकून मेलेला सांपडला. तेथील तंत्रज्ञांनीं तो नोंदवहींत चिकटवून ठेवला आणि खालीं गमतीनें नोंद केली. यंत्रांतील दोषाला किडा म्हणण्याची तऱ्हा त्यापूर्वींही होती, पण इतका पुराव्यानिशीं किडा क्वचितच हातीं लागला असेल. भंडाऱ्यांतील दुरुस्तीच्या दुकानांत पालीचीं अंडीं आणि मुंग्यांचीं वारुळें निघतात, तीं मात्र कोणी वहींत चिकटवीत नाहीं.

विजेविषयीं थोडक्यांत. टेबलावरच्या संगणकाला यूपीएस असावाच. परंतु त्यांतील बॅटरी दोन-तीन वर्षांत क्षीण होते हें ध्यानांत ठेवून अधूनमधून भिंतीवरील बटण बंद करून ती किती मिनिटें टिकते तें पाहावें. अर्थिंग नीट आहे कीं नाहीं हें वायरमनकडून तपासून घ्यावें. मृगाच्या पावसांत आभाळ गडगडूं लागलें म्हणजे केवळ बटण बंद करून भागत नाहीं. विजेची तार आणि इंटरनेटची तारेची जोडणी, दोन्हीही भिंतींतून काढून ठेवाव्या. कित्येक यंत्रें विजेच्या तारेनें नव्हे, तर या दुसऱ्या तारेनें जळतात. लॅपटॉप सदैव चार्जरला जोडलेला राहत असेल तर बॅटरी ऐंशी टक्क्यांवर थांबविण्याची सोय बहुतेक नव्या यंत्रांत आहे, ती चालू करावी. बॅटरी फुगल्यासारखी दिसली, कळफलक वर उचलला गेला, तर यंत्र त्याच क्षणीं बंद करावें. तेथें काटकसरीचा विचार करूं नये.

आतां आंतील गाळाकडे वळूं जातां प्रथम एक साधी गोष्ट सांगणें प्राप्त आहे. रोज रात्रीं संगणक 'बंद' करणारीं माणसें समजतात कीं, सकाळीं तो ताजातवाना उठतो. विंडोजच्या २०१२ नंतरच्या आवृत्त्यांत तसें होत नाहीं. लवकर सुरू होतां यावें म्हणून ती प्रणाली आपल्या गाभ्याची स्थिति डिस्कवर लिहून ठेवते आणि सकाळीं तीच पुन्हां उचलते; म्हणजे कालचा थकवा आजच्या पानावर येतो. 'रीस्टार्ट' केल्यास मात्र सर्व कांहीं नव्यानें उभें राहतें. आठवड्यांतून एकदां रीस्टार्ट करणें हा सर्वांत स्वस्त उपचार आहे, आणि अनेक तक्रारी एवढ्यानेंच मिटतात.

त्यानंतर बिनबोलावलेल्या पाहुण्यांकडे पाहावें. प्रत्येक नवा प्रोग्रॅम स्वतःला मोठा मानकरी समजतो आणि संगणक उठतांच आपणही उठावें अशी व्यवस्था करून ठेवतो. असे वीस मानकरी एकदम उठले म्हणजे दारांत दाटी होणारच. टास्क मॅनेजरमधील स्टार्टअप या पानावर त्यांची यादी असते. विषाणुरोधक आणि कळफलकाची मराठी लिपि एवढ्यांना ठेवून बाकीच्यांना तेथें थांबविलें तरी ते नाहींसे होत नाहींत, हांक मारल्यावर येतात. ब्राउझरला चिकटलेल्या लहानसहान जोड-प्रोग्रॅमांची हीच कथा आहे. जो कोणी, कधीं आणि कशासाठीं बसविला हें घरांत कोणालाच सांगतां येत नाहीं, तो काढून टाकावा. बेशरम उपटतांना तिचें कुळ विचारीत बसत नाहींत.

डिस्कवर निदान पांचवा-सहावा हिस्सा जागा मोकळी असावी. लग्नाचीं चलच्चित्रें, एकाच छायाचित्राच्या चार-चार प्रती आणि 'डाउनलोड' या कोठारांत सांचलेला पसारा, हाच बहुधा खरा गाळ असतो. जुन्या फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर विखुरलेले तुकडे एकत्र करण्याचा डीफ्रॅगचा उपचार उपयोगी पडे. नव्या एसएसडी डिस्कला तो करूं नये, कारण तिच्यावर लिहिण्याच्या फेऱ्या मर्यादित असतात आणि तुकडे विखुरल्यानें तिचा वेग फारसा घटत नाहीं. तिची जी निगा राखावयाची ती विंडोज स्वतःच ठराविक काळानें राखते. पांच-सात वर्षांच्या संगणकांत जर अजून फिरती तबकडी असेल, तर ती काढून तेथें एसएसडी बसविणें आणि स्मृति चार जीबीवरून आठ करणें, या दोन बदलांनीं जो फरक पडतो तो नवें यंत्र घेऊनही कित्येकदां पडत नाहीं. दुकानदार हें आपण होऊन सांगेलच, असें नाहीं.

वेग वाढवून देतों, संगणक धुऊन देतों, अशा जाहिरातींच्या प्रोग्रॅमांपासून मात्र सावध राहावें. विंडोजची रजिस्ट्री साफ करण्याचा जो थाट ते मांडतात त्यापासून लाभ जवळजवळ शून्य आणि धोका पुष्कळ. सीक्लीनर हा या वर्गांतील नांवाजलेला, प्रामाणिक म्हणून ओळखला जाणारा प्रोग्रॅम; २०१७ सालीं ऑगस्ट-सप्टेंबरमध्यें चोरट्यांनीं त्याच्या मूळ कंपनीच्या यंत्रणेंत शिरून प्रोग्रॅमच्या पोटांतच आपला हस्तक घुसविला, आणि तो सुमारें साडेबावीस लाख संगणकांवर जाऊन बसला. झाडूवालाच चोर निघावा, त्यांतला हा प्रकार. जेथें नांवाजलेल्यांची ही गत, तेथें पडद्यावर अकस्मात् उगवून 'आपला संगणक धोक्यांत आहे' असें ओरडणाऱ्या निनांवी खिडकीची काय कथा?

यावरून सुरक्षिततेच्या प्रश्नावर येणें ओघानेंच प्राप्त होतें. संगणकाच्या प्रणालींत छिद्रें सांपडत राहतात. कंपन्या तीं बुजविण्यासाठीं दुरुस्त्या पाठवितात. आणि अडलेल्या कामाच्या वेळीं नेमकी 'अपडेट करावयाचें काय?' अशी पृच्छा झाली कीं माणसें ती पुढें ढकलतात. पुढें ढकलण्याची किंमत काय होते, याचें एक उदाहरण जगाच्या नोंदींत आहे. १४ मार्च २०१७ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोजमधील एका छिद्राची दुरुस्ती प्रसिद्ध केली. १२ मे रोजीं वॉनाक्राय नांवाचा खंडणीखोर किडा त्याच छिद्रांतून शिरला आणि सुमारें दीडशें देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांवरील कागद त्यानें कुलुपबंद करून टाकले. मध्यें एकोणसाठ दिवस होते. ज्यांनीं त्या दिवसांत दुरुस्ती करून घेतली त्यांच्या दारावरून तो निघून गेला. ज्यांनीं ती टाळली त्यांच्यांत इंग्लंडमधील रुग्णालयेंही होतीं. पुढच्याच महिन्यांत, २७ जून रोजीं, नॉटपेट्या आला. त्याची सुरुवात युक्रेनमधील एका हिशेबाच्या प्रोग्रॅमच्या विषारी अपडेटपासून झाली. एका यंत्रांतून दुसऱ्यांत शिरण्यासाठीं मात्र त्यानें चोरलेल्या पासवर्डांबरोबर तेंच जुनें छिद्र वापरलें. उरणजवळील जवाहरलाल नेहरू बंदरांत मर्स्क समूहाकडे असलेल्या टर्मिनलचें काम त्यानें ठप्प केलें, आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मालाच्या पेट्या खोळंबल्या. मर्स्कनें आपलें नुकसान वीस ते तीस कोटि डॉलर इतकें सांगितलें.

म्हणून अपडेटसाठीं आठवड्यांतील एक वेळ ठरवून टाकावी. रविवारीं दुपारीं जेवणानंतर यंत्र त्या कामाला लावून द्यावें, म्हणजे सोमवारच्या घाईंत तें आडवें येत नाहीं. परंतु दुरुस्त्या येणेंच बंद झालें तर काय करावें? विंडोज १० च्या बाबतींत हा प्रसंग १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं आला. त्या तारखेनंतर त्या प्रणालीला नेहमींच्या मोफत दुरुस्त्या मिळणें थांबलें; घरगुती वापरासाठीं नोंदणी करणारांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एका वर्षाची वाढ जाहीर झाली. विंडोज ११ ला टीपीएम २.० नांवाची चकती आणि त्या मानानें नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळें धडधाकट असलेलीं पुष्कळ यंत्रें त्या पंक्तीला बसूं शकत नाहींत. अशा यंत्रांवर लिनक्सची एखादी हलकी आवृत्ति बसवावी. सी-डॅक या भारतीय संस्थेनें बॉस या नांवानें तशी एक आवृत्ति तयार केली आहे. विद्यार्थ्याचें लेखन-वाचन आणि घरचा पत्रव्यवहार यांना ती पुरते. मात्र डिजिटल सही किंवा बोटांच्या ठशांचें यंत्र जोडून काम करणाऱ्यांनीं आपलें साहित्य तिच्यावर चालतें काय, हें आधीं पाहावें.

जिल्ह्याच्या गांवांत एक चाल अशी आहे कीं, दुरुस्तीवाला शेंदोनशें रुपयांत चोरटी विंडोज बसवून देतो आणि तिचें कुलूप फोडण्यासाठीं एक 'ॲक्टिव्हेटर' चालवितो. तो चालावा म्हणून विषाणुरोधक आधीं बंद करावा लागतो. ज्या पाहुण्याला आंत घेण्यासाठीं राखणदाराला बाहेर काढावें लागतें, त्याच्याविषयीं अधिक सांगण्याची गरज नसावी. विंडोजच्या सोबत येणारा डिफेंडर हा विषाणुरोधक विनामूल्य आहे आणि सामान्य घराला तो पुरेसा आहे. निराळा हवा असल्यास विकत घ्यावा, परंतु एकाच वेळीं दोन बसवूं नयेत. या क्षेत्रांत मराठी माणसाचेंही कर्तृत्व आहे: सातारा जिल्ह्यांतून आलेले कैलास काटकर पुण्यांत रेडिओ आणि कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत असत, त्यांचे बंधु संजय यांनीं १९९० च्या दशकांत विषाणुरोधक प्रोग्रॅम लिहिला, आणि त्यांतून क्विक हील ही कंपनी उभी राहिली. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनें २१ फेब्रुवारी २०१७ पासून सायबर स्वच्छता केंद्र चालविलें आहे. त्याच्या संकेतस्थळावरून संगणकांतील छुपे हस्तक काढण्याचीं साधनें विनामूल्य मिळतात.

सर्वांत अधिक निष्काळजीपणा मात्र विषाणूंच्या बाबतींत नव्हे, तर कागदांच्या बाबतींत होतो. साकोली, लाखांदूर, पवनी अशा कोणत्याही गांवचें झेरॉक्सचें दुकान किंवा सेवा केंद्र डोळ्यांसमोर आणावें. धान नोंदणीच्या दिवसांत तेथें सकाळपासून रांग असते. केंद्रचालक एकामागून एक आधार कार्ड, सातबारा, पासबुक स्कॅन करतो, अर्ज भरतो, पावती देतो आणि पुढच्याला बोलावतो. संध्याकाळीं त्या संगणकाच्या डाउनलोडमध्यें शंभर कुटुंबांची ओळख, खातेक्रमांक आणि सह्या पडून असतात. मोसमाच्या अखेरीस त्यांची संख्या हजारांत जाते. त्यांत कोणाचाही दुष्ट हेतु नसतो. परंतु याच संगणकावर चोरटी विंडोज असते, याच संगणकाला दिवसभर दहा निरनिराळे पेन ड्राइव्ह लागतात, आणि पासवर्ड पडद्याच्या कडेला कागदावर चिकटविलेला असतो. येथें गाळ म्हणजे केवळ मंदपणा नव्हे. दुसऱ्याच्या घराच्या किल्ल्यांचा जुडगा रस्त्यावर पडलेला आहे. काम झालें कीं त्या त्या दिवशींच्या प्रती पुसून टाकणें आणि रीसायकल बिनही रिकामें करणें, एवढा नेम केंद्रचालकानें पाळला तर त्याचा संगणकही हलका राहील. जे राखणें कायद्यानें आवश्यक असेल तें पासवर्ड घातलेल्या निराळ्या कप्प्यांत राखावें.

गिऱ्हाइकानेंही तेथें उभें असतांना संकोच करूं नये. 'भाऊ, माझी प्रत आतांच पुसून टाका', असें म्हणण्यांत कोणाचा अपमान होत नाहीं. दुकानांतील संगणकावर व्हॉट्सॲप उघडून कागद छापावयास दिले असतील तर घरीं येऊन आपल्या फोनवरील 'लिंक्ड डिव्हाइसेस' हें पान पाहावें. विसरलेलें दुकान तेथें नांवानिशीं बसलेलें आढळतें, आणि घरचीं सर्व संभाषणें तेथें वाचतां येतात. तें तेथूनच बंद करतां येतें. पेन ड्राइव्ह घरीं आणल्यावर तो उघडण्यापूर्वीं तपासून घ्यावा. सर्व फायली नाहींशा होऊन त्यांच्या जागीं बाणाचें चिन्ह असलेले शॉर्टकट दिसूं लागले, तर त्यांवर टिचकी मारूं नये. मूळ फायली बहुधा लपविलेल्या असतात, आणि टिचकीनें केवळ किडा जागा होतो.

घरांतील संगणकावर सर्वांचें रोजचें काम सामान्य खात्यांतून व्हावें आणि प्रशासकाचें खातें निराळ्या पासवर्डासह बाजूला ठेवावें. मग मुलांनीं खेळ समजून भलतेंच कांहीं बसविलें तरी यंत्र आधीं परवानगी मागतें. विंडोज फायलींच्या नांवांचें शेवटचें शेपूट सहसा लपविते, त्यामुळें 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' ही फाइल निरुपद्रवी बिलासारखी दिसते. शेपूट दाखविण्याची सोय चालू करून ठेवावी.

एवढें करूनही डिस्क एक दिवस मरतेच. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशांतील अतिवृष्टि आणि तेथील धरणांतून सुटलेलें पाणी यांनीं वैनगंगेला महापूर आला, आणि भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत घराघरांतून पाणी शिरलें. अशा पुरांत कपाटांतील कागद भिजतात तसा संगणकही भिजतो. आणि त्याची दुसरी प्रत शेजारच्याच खणांत ठेवलेली असेल तर तीही त्याच पाण्यांत जाते. म्हणून जाणकार तीन प्रतींचा नियम सांगतात: महत्त्वाच्या प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती, दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणीं. नागपुरास राहणाऱ्या मुलीच्या घरीं एक डिस्क ठेवून दिवाळीला व उन्हाळ्याच्या सुटींत ती अदलाबदल करणें ही कांहीं अवघड गोष्ट नव्हे. बाहेरची डिस्क प्रत काढून झाल्यावर संगणकापासून वेगळी करावी. जोडलेलीच राहिली तर खंडणीखोर किडा तिलाही कुलूप लावतो. आणि वर्षांतून एकदां त्या प्रतींतून एखादें छायाचित्र खरोखर उघडून पाहावें. उघडत नसलेली प्रत ही प्रत नव्हे.

दूरध्वनीवर कोणी स्वतःला मोठ्या कंपनीचा तंत्रज्ञ म्हणवून संगणकांत दोष असल्याचें सांगूं लागला आणि त्याचा ताबा दुरून देणारा एखादा प्रोग्रॅम बसविण्यास विनवूं लागला, तर फोन खालीं ठेवावा. कोणतीही कंपनी अशी घरोघर विचारपूस करीत नाहीं. ताबा दिला गेलाच असेल तर आधीं इंटरनेट तोडावें, मग दुसऱ्या यंत्रावरून बँकेचा पासवर्ड बदलावा आणि बँकेला कळवावें. पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. पैसा एका खात्यांतून दुसऱ्यांत पळत असतो, आणि त्याला वाटेंत अडवावयाचें तर तास नव्हे, मिनिटें मोजावीं लागतात.

शेवटीं जुनें यंत्र घराबाहेर जातें त्या दिवसाविषयीं. भंगारवाल्याला किंवा जुना माल घेणाऱ्या दुकानदाराला संगणक देतांना लोक फायली पुसतात आणि निश्चिंत होतात. पुसलेली फाइल बहुतेक वेळां जागेवरच असते. केवळ अनुक्रमणिकेंतील तिचें नांव गेलेलें असतें, आणि ती परत काढणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात. विंडोजच्या 'रीसेट' या सोयींत सर्व डिस्क खरोखर साफ करण्याचा निराळा पर्याय आहे. त्याला वेळ लागतो, तो द्यावा. संगणक चालूच होत नसेल, तर चार पेंच सोडवून डिस्क काढून घ्यावी आणि उरलेला सांगाडा ई-कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत संकलकाकडे पाठवावा.